बेबीनंदाचं ताट

रखमाजींच्या घरात जेवणाचा क्रम कोणी कधी ठरवला नव्हता, पण तो कधी चुकतही नव्हता. आधी पुरुष ओसरीवर बसत. त्यांची ताटं उचलली की पाव्हणेरावळे, मग गडीमाणसं. बाया शेवटी. त्याही एकत्र नाहीत. जिचं काम उरकेल तिने टोपल्यात उरलेली भाकरी घ्यायची, चुलीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून बसायचं आणि घाईघाईने चार घास पोटात ढकलून उठायचं. बाईमाणसाला जेवताना कोणी बघू नये, अशी तिथली रीत. त्यामुळे घरातली कोणती बाई किती जेवली, जेवली की नाही, हे कोणालाच ठाऊक नसे. ठाऊक करून घ्यावं असंही कोणाला वाटत नसे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. वाटूर गावात तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. रखमाजींची थोरली लेक बेबीनंदा बारावी होऊन घरी बसली होती. अंगाने भरलेली, मोकळं हसणारी. खळ्यावर गडी कमी पडला तर पोत्याला हात लावायला ही पुढे. लसणाच्या चटणीसोबत भाकरी खाताना तिचे डोळे मिटत. "माझी बेबी म्हंजी एक गडीच हाय," असं रखमाजी चारचौघांत कौतुकाने सांगत.

त्या कार्तिकात नवीन जालन्याहून तिला बघायला पाहुणे आले. मुलगा बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला. सोबत त्याच्याच घरात राहणारी त्याची मावशी उषाबाई. सोयरीक आणली होती बेबीच्या मामाने, कचरूने. बेबीनंदा पोह्यांचं ताट घेऊन ओसरीवर आली. उषाबाईंनी तिला चालून दाखवायला लावलं, वेणी सोडायला लावली, पाठमोरं उभं केलं. मग पोह्यांचा घास तोंडात ठेवून त्या म्हणाल्या,

"पोरगी खात्यापित्या घरची दिसती. हिला न्यायची म्हंजी आमच्या घराचं दार मोठं करून घ्यावं लागंल, बाई!"

ओसरी हसली. मुलगा हसला, कचरूमामा हसला. आणि पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून रखमाजीही हसले.

बेबीनंदाच्या हातात ताट तसंच होतं. पाहुण्यांचं हसणं तिने कानाआड केलं असतं. वडिलांचं हसणं मात्र तिच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं.

चार दिवसांनी कचरूमामा निरोप घेऊन आला. "'नको' न्हाई म्हणले. पोरगी पसंत हाय. जरा उतरली तर बघू, म्हणून राह्यले."

"मी कवाची सांगून राह्यले!" चांगुणाबाई म्हणाल्या. या रखमाजींच्या थोरल्या बहीण, विधवा होऊन माहेरी आलेल्या. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. "पोरीच्या जातीला एवढं खायला घालावं का? सगुणे, तुझ्याच हातानं वाढवलीस तिला म्हशीवानी."

सगुणाबाईंनी, बेबीच्या आईने, मान खाली घातली. बेबीनंदा शेण भरता भरता ऐकत होती.

पुढच्या आठवड्यात मार्गशीर्ष लागला. तिने गुरुवार धरले. मग सोमवार. मग शनिवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला घरात साबुदाणा व्हायचा, भगर व्हायची. ती दोन्हीला हात लावीना. पाणीसुद्धा न पिता निरंकार राहू लागली. उरलेल्या दिवशी "मी खाल्लं मघाच" एवढं म्हटलं की काम भागे. कोण बघायला बसलं होतं? वाट्याची भाकरी पदराआड गाईपर्यंत नेणं अवघड नव्हतं.

पहिले काही दिवस भुकेने तिला रडू आलं. मग एक नवलाची गोष्ट झाली. भूक सोसली की तिला आपण जिंकलो असं वाटू लागलं. घरात तिच्या शब्दाला किंमत नव्हती. कोणाच्या घरी जायचं, कधी जायचं, काही तिच्या हातात नव्हतं. पण हा घास तोंडात घालायचा की नाही, एवढं मात्र तिच्या हातात होतं. मग तिच्या मनात कोणीतरी बोलायला लागलं. आवाज उषाबाईंसारखा होता. "खाल्लास ना चमचाभर भात? कळलं बरं. दार मोठं करायचंय का?" तो आवाज रोज नवं मागे. अर्धी भाकरी सोडली की चतकोर सोड म्हणे. चतकोर सोडली की वरणाचं पाणी सोड म्हणे.

आणि गंमत बघा, तिला स्वयंपाकाचा केवढा सोस लागला! पुरणपोळ्या लाटी, शेंगोळे करी, दुसऱ्यांना आग्रह करकरून वाढी. आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राही.

घराने काय पाहिलं? घराने भक्ती पाहिली.

"बघा गं, याला म्हणतात वळण," चांगुणाबाई गल्लीतल्या पोरींना ऐकवत. "नाहीतर तुमी, सकाळपासून तोंड चालूच!"

बेबीनंदाचे केस विंचरताना पुंजक्यांनी येऊ लागले. उन्हात बसूनही तिला थंडी वाजे. दंडावर बारीक लव उगवली. "तेज चढलंय पोरीवर," बाया म्हणाल्या.

मग एक दिवस सगुणाबाईंच्या ध्यानात आलं की पोरगी बरेच महिने बाहेर बसलेली नाही. त्यांच्या घरात पाळी आली की बाई चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात, वेगळ्या सतरंजीवर. लपण्यासारखी गोष्ट नव्हती ती. आईच्या पायाखालची जमीन सरकली. तिने लेकीला कडब्याच्या गंजीमागे ओढत नेलं.

"खरं सांग. कोण हाय?"

"कोण म्हंजी?"

"कुणाचं पाप हाय, सांग म्हणते!"

बेबीनंदाला अर्थ कळायच्या आत थोबाडीत बसली. ती कोलमडून कडब्यावर पडली आणि तिथेच पडून राहिली. उठायचं बळ नव्हतं. आवाज ऐकून चांगुणाबाई धावत आल्या. काय झालं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारून हसल्या.

"अगं येडे! एवढे निरंकार करती ही पोर. देवानं तिचा विटाळच काढून घेतलाय. पुण्याई लागती त्याला! तू तिच्यावर हात उचलून राह्यली?"

सगुणाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. दोन गोष्टी समोर होत्या, एक कलंकाची आणि एक पुण्याईची. आईने पुण्याई उचलली. तिसरी काही गोष्ट असेल, पोरगी आजारी असेल, हे त्या घरात कोणाच्या मनालाही शिवलं नाही.

त्या दिवसापासून बेबीनंदा गावाच्या उपयोगाची झाली. जिला विटाळ नाही ती कुठल्याही दिवशी नैवेद्य करू शकते. कोणाकडे सत्यनारायण असो, कोणाचं उद्यापन असो, बेबीला बोलवा. बाया वाकून तिला नमस्कार करू लागल्या. दुसऱ्याच्या चुलीपुढे ती तासन्‌तास शिरा हलवत बसे आणि तिच्या मनातला आवाज म्हणे, "बघ, आता तर देवसुद्धा माझ्या बाजूने आहे."

दुसऱ्या वर्षीच्या रामनवमीला घरची मंडळी जीप करून जांब समर्थला गेली. ऊन रणरणत होतं. दर्शनाची रांग लांब. बेबीनंदाने आदल्या दिवसापासून पाणी घेतलं नव्हतं. मंदिराच्या पायरीशी आल्यावर तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि ती कपाळावर आपटली. रक्त आलं. हातपाय थरथरू लागले.

"अंगात आलं! अंगात आलं गं!" कोणीतरी ओरडलं.

बाया भोवती जमल्या. कोणी त्या फुटलेल्या कपाळावरच हळदीकुंकू लावलं. कोणी ओटीत नारळ टाकला. "माय, माझ्या सुनेला मूल कधी होईल, सांग!" एक म्हातारी तिच्या कानाशी ओरडून विचारू लागली. रांगेतल्या एका माणसाने तांब्या पुढे केला, तर चांगुणाबाईंनी तो हाताने दूर लोटला.

"पाणी पाजू नका! निरंकार हाय तिचं. वरत मोडंल."

शिकलेली माणसंही होती त्या रांगेत. तीही हात जोडून उभी राहिली. एक पोर तहानेने मरायला टेकली होती आणि माणसं तिला नवस बोलत होती. याला भक्ती म्हणायचं असेल, तर क्रूरपणाला वेगळा शब्द शोधायची गरज नाही.

रखमाजी चपला सांभाळायला मागे राहिले होते. ते गर्दी फोडून आले आणि लेकीला उचलायला वाकले. लहानपणी खांद्यावरून मिरवलेली पोर. जड असेल म्हणून त्यांनी पाय रोवून जोर लावला, आणि जोर वाया गेला. हातात कडब्याची पेंडी यावी तशी ती वर आली. पोलक्याच्या आत नुसती हाडं.

"रखमाजी, खाली ठीव तिला. देवी गेली न्हाई अजून," चांगुणाबाई म्हणाल्या.

"सरक," रखमाजी म्हणाले. बहिणीला असं ते पहिल्यांदाच बोलले.

जीप थेट नवीन जालन्याला, डॉ. तारा वझरकरांच्या दवाखान्यासमोर थांबली. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, कपाळाला टाके घातले, सगळं तपासलं आणि मंडळींना आत बोलावलं.

"हिला शेवटचं जेवताना तुमच्यापैकी कोणी पाहिलं?"

रखमाजींनी सगुणाबाईंकडे पाहिलं. सगुणाबाईंनी नणंदेकडे.

"आमच्यात बायांना जेवताना कुणी बघत न्हाई, डॉक्टरीणबाई," चांगुणाबाई ठसक्यात म्हणाल्या.

"मग मरताना बघाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.



"हा उपास नाही. उपास दुसऱ्या दिवशी सुटतो, हिचा सुटत नाही. हा आजार आहे, मनातून सुरू होतो आणि शरीर खातो. पाळी देवाने नाही थांबवली. शरीराला खायला मिळेना, तेव्हा जगायला जे लागत नाही ते शरीराने आधी बंद केलं. आता पाळी हृदयाची आहे. तिचे ठोके कसे मंद झालेत ते ऐकायचंय का?"

"म्हंजी येडी झाली का माझी पोर?" सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"वेडी नाही. आजारी आहे. औरंगाबादला मनाचे डॉक्टर आहेत, त्यांना चिठ्ठी देते. औषधाइतकीच एक गोष्ट तुम्ही करायची. हिने कधीही एकटीने जेवायचं नाही. तुम्ही समोर बसायचं, तेच अन्न तुम्हीही खायचं. आणि हिच्या अंगाबद्दल घरात एक शब्द काढायचा नाही. जाडही नाही, बारीकही नाही."

वाटूरला परतल्यावर सगुणाबाईंनी स्वयंपाकघरात दोन ताटं समोरासमोर मांडली. पुरुषांच्या आधी. पहिल्या दिवशी बेबीनंदाने भाकरीचा भुगा करून ताटभर पसरला आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं की वैरीणसुद्धा पाहणार नाही.

"तू मला फुगवून मारून राह्यली."

"एक घास खाय, माय."

"न्हाई खात! तूच खाय सगळं!" वरणाची वाटी भिंतीवर आपटली. वरण ओघळत खाली आलं. सगुणाबाईंनी ते पुसलं, दुसरी वाटी भरली आणि पुन्हा समोर बसल्या. स्वतःच्या ताटातला घास उचलला, तोंडाशी नेला आणि हात तिथेच थांबला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं?" बेबीनंदाने विचारलं.

"मला बी जेवता येईना गं कुणाच्या समोर. लाज वाटून राह्यली."

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. आईला चुलीसमोर पाठमोरं बसलेलं बेबीनंदाने आयुष्यभर पाहिलं होतं. घास घेताना आईचा चेहरा कसा दिसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"तू घे, मंग मी घेते," ती म्हणाली.

अशी सुरुवात झाली. ती सरळ रेषेत गेली असं मात्र कोणी समजू नये. कधी ती मुकाट्याने जेवे, कधी घास गालात धरून गोठ्यात जाऊन थुंके. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं की तो आवाज ऐकू आला की ओळखायचा, "हा आजार बोलतोय, मी नाही." ते म्हणायला सोपं होतं. आवाज जुना होता आणि ती नवी.

दाराशी चांगुणाबाई उभ्या असतच. "कलियुग हाय! मायलेकी पंगत मांडून बसल्या, अन् माणसं ओसरीवर भुकेली."

पावसाळा गेला. बेबीनंदाच्या गालांवर थोडा रंग आला आणि नेमका तेव्हाच कचरूमामा पुन्हा उगवला.

"उषाबाईंचा निरोप हाय. पोरगी बारीक झाली म्हणून कळलं त्यांना. परवा येऊन राह्यले. बिलकुल उशीर करू नका."

चांगुणाबाईंना हर्ष झाला. "मी म्हणते, पुन्हा फुगायच्या आत उरकून घ्या जल्दी. लगीन लागेस्तोवर ते डॉक्टरचं खाणंबिणं बंद. एकदा अक्षता पडल्या की मंग खाऊ दे काय खायचं ते."

"डॉक्टर काय म्हणल्या व्हत्या, वन्सं..." सगुणाबाई चाचरल्या.

"डॉक्टर करणार का हिच्यासंगं लगीन?"

रखमाजी काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ घराने होकार असा लावला.

आणि बेबीनंदाच्या मनातला आवाज आनंदाने उसळला. "मी सांगत नव्हते? बघ, बरोबर मीच होते." दुसऱ्या दिवशी आईने ताटं मांडली तेव्हा ती आलीच नाही. आई ताटावर एकटीच बसून राहिली.

पाहुणे आले. बेबीनंदा पोह्यांच्या बशा मांडलेलं ताट घेऊन ओसरीवर आली तेव्हा पुन्हा तिच्या पोटात काल सकाळपासून काही नव्हतं. उषाबाईंनी तिला जवळ बसवलं, तिचं मनगट दोन बोटांत धरलं आणि बाजारात भेंडी कोवळी आहे का बघावी तसं दाबून पाहिलं.

"आता कशी चवळीची शेंग झाली! एवढीच राहा बरं का. लग्नाआधी बी न्हाई अन् लग्नानंतर बी वाढायचं न्हाई."

लग्नानंतर बी न्हाई. बेबीनंदाने ते ऐकलं. म्हणजे हे कधी संपणारच नव्हतं. तिला आता ही बाई आणि मनातला तो आवाज यांत काही फरक ऐकू येईना. तो आवाज आतून सोडत नव्हता, आणि या बाईच्या घरात जन्मभर राहायचं होतं. तिने मनगट सोडवून घेतलं. समोर नवरदेवासाठी ठेवलेली बशी होती. पोह्यांवर शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबाची फोड. तिने ती बशी उचलली, मांडी घालून बसली, लिंबू पिळलं आणि पहिला घास तोंडात घातला.

तो घास उतरेना. आवाज ओरडत होता. तिने डोळे मिटले, गिळला आणि दुसरा घेतला.

"अगं, हे काय?" उषाबाई ओरडल्या. "पाव्हण्यांच्या आधी? सगळ्यांच्या देखत?"

चांगुणाबाई घाईने पुढे झाल्या. "अंगात येतं तिच्या कधीमधी. देवीचं हाय..."

"अंगात काय बी आलं न्हाई, आत्याबाई," बेबीनंदा तोंडातला घास चावत म्हणाली. "भूक लागली."

दोन वर्षांत ते शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. तिनेही नव्हते.

तिसरा घास तिने उचलला आणि पुन्हा बशीत ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या. सगुणाबाई, ज्यांनी पाहुण्यांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, हातात आपलं ताट घेऊन बाहेर आल्या. ओसरीवर, पुरुषांच्या पंगतीच्या जागी, लेकीच्या समोर बसल्या. घास उचलला.

"घे. मी बी घेते," त्या म्हणाल्या.

उषाबाईंनी पदराने वारा घेतला आणि सगळ्यांकडे बघत हसल्या. "बाई गं! आता तर मायलेकी दोघींसाठी दार मोठं करावं लागंल!" आणि दाद मिळेल म्हणून त्यांनी रखमाजींकडे पाहिलं.

कचरूमामा हसला. मुलगा बारीक हसला. रखमाजी हसले नाहीत. ते उठले, पाहुण्यांच्या चपला होत्या तिकडे गेले आणि दार सताड उघडून बाजूला उभे राहिले.

"आमच्या घरचं दार बराबर हाय," ते म्हणाले. "या तुमी."

सोयरीक मोडली. गावात बोभाटा झाला. खादाड पोर, बापाचा पाणउतारा करणारी पोर, डॉक्टरने बिघडवलेली पोर. नैवेद्यासाठी बोलावणी बंद झाली. काल वाकून नमस्कार करणाऱ्या बाया आज पाणवठ्यावर तोंड फिरवू लागल्या. समाज उपाशी मुलीच्या पाया पडतो आणि जेवणाऱ्या मुलीला नावं ठेवतो, हे बेबीनंदाला पुरतं कळलं. तो मनातला आवाजही कायमचा गेला नाही. पण आता तो बोलायला लागला की ती उठून आईला हाक मारी, आणि दोन ताटं मांडली जात.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी बेबीनंदा अंघोळ करून आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. सगुणाबाई भाकरी थापत होत्या. चांगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"संपली गं तुझी पुण्याई," त्या म्हणाल्या. "जा, कोपऱ्यात सतरंजी टाक."

सगुणाबाईंचा हात परातीत थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"आत ये, बेबे. तव्यावरली गरम हाय. बस माझ्यासमोर."

बेबीनंदा उंबरा ओलांडून आत आली आणि बसली.

आज तुमच्या घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर शेवटी कोण जेवायला बसलं, ते जरा उठून बघा. बहुधा तिची पाठच दिसेल. पाठीवरून काही कळत नसतं. आपलं ताट घ्या आणि तिच्या समोर जाऊन बसा.